रेला
रेला : गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांच्या वनप्रदेशातील गोंड व माडिया जमातींचा समूहगीत-नृत्यप्रकार. एकच परिचित चाल अनेक गायकांनी वापरावी व प्रत्येकाने तिच्यावर आपले शब्द बसवावेत, हे त्याचे मुख्य लक्षण होय. गीतात वारंवार येणाऱ्या ‘रे रेला’ या ध्रुपदाक्षरांवरून हे नाव पडले. तेलुगू भाषेत बहाव्याच्या झाडास रेला म्हणतात; तथापि गाण्यात ही अक्षरे अर्थापेक्षा ठेक्यासाठीच येतात. सीमेपलीकडील बस्तरमधील मुरियांच्या अशाच गीतांची नोंद व्हेरिअर एल्विन यांनी द मुरिया अँड देअर घोटुल (१९४७) या ग्रंथात केली आहे.

भामरागड, एटापल्ली या भागांत गावाच्या गोटुलात, लग्नात व पंडुम (सण) प्रसंगी रेला गातात. तरुण-तरुणी हातात हात गुंफून फेर धरतात. एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो आणि मध्ये ध्रुपद येते. चाल मोजक्या स्वरांची असते. पाहुणा म्हणून आलेल्यालाही ती ठाऊक असल्याने तो लगेच सामील होऊ शकतो. नवे असतात ते शब्द : पेरणी, सोयऱ्यांची थट्टा, नुकतीच घडलेली एखादी घटना. ध्रुपद घोळत असताना म्होरक्याला पुढची ओळ जुळवण्यास अवधी मिळतो. म्हणूनच ध्रुपदास पालुपद समजून ते गाळणारे व केवळ शब्द टिपणारे संग्रह अपुरे ठरतात. रचना कशी घडते हेच त्यांतून निसटते.

जात्यावरील ओवीतही एका चालीवर असंख्य रचना होतात. दूरच्या जमेका बेटावरील ‘रिडिम’ हा प्रकार याच जातीचा. मात्र तेथे सामाईक असते ती ध्वनिमुद्रित वाद्यसंगत. वेन स्मिथच्या १९८५ मधील गीताची ‘स्लेंग टेंग’ ही संगत कॅसिओ वाद्यातील तयार ठेक्यावरून घेतलेली होती. पुढे अनेकांनी तिच्यावर गाणी रचली. स्टीव्हन मार्सडेन ऊर्फ लेंकी याच्या ‘दिवाली’ या रिडिमवर शॉन पॉल व वेन वंडर या दोघांनीही गीते गाइली. तेथे संगतीला निर्माता असतो. रेल्याच्या चालीला कोणी एक धनी नाही.

या सामाईकपणामुळे चाल कोणालाही वापरता येते. नक्षलवादी चळवळीच्या सांस्कृतिक पथकांनी गोंडी लोकचालींवर प्रचारगीते रचली. दुसरीकडे, स्नेहसंमेलने व स्पर्धांच्या रंगमंचावर वेळेचे बंधन आल्याने गीत आधी बसवून घ्यावे लागते व जागच्या जागी ओळ जुळवण्यास वाव उरत नाही. ध्वनिमुद्रणाने आणखी एक गुंता निर्माण केला. भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ नुसार मुद्रणाचा हक्क सामान्यतः निर्मात्याकडे जातो, परंतु परंपरागत चालीच्या समाजाला कर्ता म्हणून त्यात स्थान नाही. परिणामी गावाची चाल गावाबाहेर विकली जाते, तेव्हा वेष्टनावर बहुधा एकाच गायकाचे नाव असते.