कन्नड घाटातील सायकल चढाई

कन्नड घाट हा जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड या दोन शहरांदरम्यानचा घाटरस्ता आहे. त्याला औट्रम घाट किंवा चाळीसगाव घाट असेही म्हणतात. धुळे, चाळीसगाव या भागांतून मराठवाड्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकल सहलींच्या मार्गातील हा सर्वांत कठीण टप्पा मानता येतो. सपाट रस्त्यावर एकमेकांच्या आधाराने वेगाने जाणारा सायकलस्वारांचा गट घाटात विखुरतो. त्यामुळे या चढाईत प्रत्येकाच्या शारीरिक क्षमतेइतकेच गटाच्या नियोजनालाही महत्त्व असते.

भौगोलिक स्थान

खानदेश हा प्रामुख्याने तापी नदीच्या खोऱ्याचा प्रदेश आहे. त्याच्या उत्तरेस सातपुडा पर्वत असून दक्षिणेस सातमाळा-अजिंठा डोंगररांग आहे. ही रांग ओलांडल्यावर मराठवाड्याचे पठार सुरू होते. चाळीसगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३४५ मीटर, तर कन्नड सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे. म्हणजेच प्रवाशाला सुमारे ३०० मीटरांची उंची गाठावी लागते आणि त्यातील बहुतांश चढ घाटाच्या वळणांत एकवटलेला आहे.

हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५२चा भाग आहे. धुळे ते सोलापूर या मार्गाचा पूर्वीचा क्रमांक २११ होता. धुळ्याहून निघालेला सायकलस्वार मेहुणबारे येथे गिरणा नदी ओलांडून चाळीसगावला येतो. घाटाचा पायथा गाठेपर्यंत त्याचे सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून झालेले असते. पाय थकल्यावर चढ सुरू होणे, हे या चढाईच्या अवघडपणाचे एक कारण आहे.

घाटाचा परिसर गौताळा औट्रमघाट वन्यजीव अभयारण्यात येतो. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. पाटणादेवी आणि पितळखोरे येथील बौद्ध लेणी ही याच डोंगररांगेतील स्थळे आहेत.

इतिहास

घाटाचे औट्रम हे नाव ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी जेम्स औट्रम (१८०३–१८६३) याच्यावरून पडले. त्याने १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारली. धरणगाव हे तिचे मुख्य ठाणे होते. ब्रिटिश काळात घाटाखालील खानदेश मुंबई इलाख्यात, तर घाटमाथ्यावरील कन्नड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. हा प्रशासकीय भेद १९५६च्या राज्य पुनर्रचनेने संपला.

चढाईतील श्रम

सायकलवर सपाट रस्त्याने वेगात जाताना मुख्य अडथळा हवेचा असतो. हवेचा रोध ओलांडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गटात पुढच्या सायकलच्या आडोशाने जाणाऱ्याचे श्रम लक्षणीय प्रमाणात वाचतात. पुढे राहण्याची पाळी आळीपाळीने घेतली, तर संपूर्ण गट कमी श्रमात अधिक अंतर कापतो.

घाटात हे गणित बदलते. ताशी ८ किलोमीटर वेगाला हवेसाठी लागणारी शक्ती ताशी ३० किलोमीटरच्या तुलनेत सुमारे पन्नासाव्या हिश्श्यावर येते, त्यामुळे आडोशाचा लाभ जवळजवळ उरत नाही. मुख्य श्रम गुरुत्वाकर्षणाविरुद्ध होतात. सायकलस्वार, सायकल आणि सामान यांचे एकत्रित वजन ९० किलोग्रॅम धरल्यास, दर १०० मीटर अंतरामागे ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ८ किलोमीटर वेगासाठी केवळ उंची गाठण्याकरिता सुमारे १०० वॅट शक्ती लागते. सामान वाढले की हा भार त्याच प्रमाणात वाढतो. वजन आणि क्षमता प्रत्येकाची वेगळी असल्याने गट लांबत जातो. पुढच्याचा वेग धरण्याच्या प्रयत्नात मागचा सायकलस्वार लवकर थकतो.

गिअरची निवडही निर्णायक ठरते. पुढच्या आणि मागच्या दातेरी चक्रांचे दात समान असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्यास ताशी सुमारे साडेसात किलोमीटर वेग मिळतो आणि गुडघ्यांवरील ताण मर्यादित राहतो. गिअर नसलेल्या साध्या सायकलीला एका फेरीत सुमारे पाच मीटर अंतर कापावे लागते. त्यामुळे अशा सायकलीवरून चढताना प्रत्येक फेरीला अधिक जोर लागतो आणि तीव्र वळणावर उतरून सायकल हाती धरून चालणे श्रेयस्कर ठरते.

गटाचे नियोजन

घाट चढताना एकत्र राहण्याचा आग्रह धरण्याऐवजी प्रत्येकाने स्वतःच्या गतीने चढावे आणि पूर्वनिश्चित ठिकाणी सर्वांनी भेटावे, ही पद्धत अधिक सुरक्षित असते. पायथ्याशी पाणी भरून घेणे, थांब्याचे ठिकाण ठरवणे आणि हवा भरण्याचा पंप व दुरुस्तीचे साहित्य असलेला एक अनुभवी सायकलस्वार सर्वांच्या शेवटी ठेवणे, ही तिची मुख्य अंगे आहेत. अरुंद रस्त्यावर दोघांनी शेजारी-शेजारी चालणे आणि वळणावर थांबणे टाळावे लागते.

ब्रेव्हे या मूळच्या फ्रेंच दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंग प्रकारात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. घाटातील संथ गती आणि विश्रांतीचा वेळ याच मुदतीत धरला जातो. त्यामुळे मार्गात घाट असल्यास तेथे जाणारा अधिक वेळ सपाट रस्त्यावरच भरून काढावा लागतो.

धोके व सुरक्षितता

उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. चढताना वेग कमी असल्याने अंगाला वारा लागत नाही, घाम वाळत नाही आणि उष्माघाताचा धोका वाढतो. चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच सायकलस्वाराला सावलीत नेऊन अंग थंड करणे व वैद्यकीय मदत मिळवणे आवश्यक असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चढाईस अधिक अनुकूल असतो.

पावसाळ्यात दरडींचा धोका असतो. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीत चाळीसगाव परिसरात पूर आला आणि घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. वाहतूक कोंडी हीदेखील घाटाची जुनी समस्या आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानुसार ऑगस्ट २०२३ मध्ये येथे अवजड वाहनांना बंदी लागू झाली. घाटाला पर्याय म्हणून बोगद्याचा प्रस्ताव आहे.

कन्नडकडून चाळीसगावकडे उतरताना चढाईत साठलेली ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. रिमवर दाबणारे ब्रेक सतत धरून ठेवल्यास रिम तापून ट्यूब फुटू शकते. म्हणून वळणापूर्वीच वेग कमी करणे आणि दोन्ही ब्रेक थांबून-थांबून दाबणे आवश्यक असते.

परिसरातील अन्य चढ

जळगाव–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील फर्दापूरजवळचा अजिंठा घाट याच डोंगररांगेत आहे. धुळे शहराजवळ मुंबई–आग्रा मार्गावर लळिंगचा लहान चढ, तर मध्य प्रदेशच्या सीमेवर सेंधव्याकडे जाताना बिजासन घाट लागतो. सातपुड्यातील तोरणमाळची चढाई या सर्वांपेक्षा मोठी आहे. हे ठिकाण १९९८ साली धुळे जिल्ह्याच्या विभाजनानंतर नंदुरबार जिल्ह्यात गेले.