परेडचेही क्रेडिट मिळतात, ठाऊक आहे?

रायपूरच्या सदर बाजार, तात्यापारा भागातल्या आपल्या घरांतून कोणी अग्निवीर झालं असेल, तर ही पोस्ट त्याच्या आईपर्यंत पोचवा. चार वर्षं फौजेत गेली की पदवीचं काय, ही काळजी तिलाच जास्त!

इग्नूने 2022 मध्ये यावर छान तोड काढली. पदवी 120 क्रेडिटची. त्यातले 60 फौजेतल्या कौशल्य प्रशिक्षणाचे, उरलेले 60 इग्नूच्या अभ्यासक्रमाचे. म्हणजे निम्मी पदवी गणवेशातच कमावलेली. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. सगळं आहे, फक्त नावापुढे ‘अप्लाइड स्किल्स’ असं शेपूट लागतं. पर्यटन घेऊनही बी.ए. करता येतं. मधेच सोडावं लागलं तरी पहिल्या वर्षावर सर्टिफिकेट, दुसऱ्यावर डिप्लोमा.

फौजेत न जाणाऱ्यांसाठी एनसीसी आहेच. यूजीसीने 2021 मध्ये विद्यापीठांना ती ऐच्छिक विषय म्हणून ठेवायला सांगितलं: सहा सत्रांत 24 क्रेडिट. पहाटे परेड करून पहिल्या तासाला पेंगणाऱ्या पोरांना हे मिळायलाच हवं होतं, उशीरच झाला म्हणा. मात्र प्रत्येक कॉलेजात विषय सुरू असेलच असं नाही. प्रवेश घेण्याआधी विचारा. अग्निवीरांच्या पदवीची चौकशी करायला इग्नूचं प्रादेशिक केंद्र तर रायपुरातच आहे.