परदेशप्रवासाचे वय

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन. त्या व्यासपीठावरून अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंनी देशाच्या प्रश्नांबरोबरच स्पेनमधील यादवी आणि युरोपात बळावत चाललेला फॅसिझम यांचाही विचार श्रोत्यांपुढे मांडला. परदेशाशी असलेली ही जवळीक केवळ वाचनाने आलेली नव्हती. तिच्यामागे निरनिराळ्या वयांत घडलेले तीन दीर्घ प्रवास होते. फैजपूर-सावदा परिसरातील कुटुंबांनाही आता परदेश अपरिचित राहिलेला नाही. अशा वेळी त्या तीन प्रवासांकडे पुन्हा पाहणे उद्‌बोधक ठरेल.

पहिला प्रवास १९०५ चा. नेहरू तेव्हा पंधरा वर्षांचे होते. पुढे विद्यार्थिदशेतच नॉर्वेत एका बर्फाळ ओढ्यात ते स्नानाला उतरले आणि वाहून जाता जाता सोबत्याच्या हातामुळे वाचले. आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग मोठ्या रंगतीने सांगितला आहे. तारुण्याचा आनंद हा असा देहाचा आणि धाडसाचा असतो. यावल-रावेरकडून शिकायला गेलेला तरुण एका खोलीत तिघांसह राहतो, हाताने स्वयंपाक करतो, आणि तरीही खुशीत असतो. कारण कोणाचा कोण हे विचारणारे तेथे कोणी नसते.

दुसरा प्रवास १९२६ चा, छत्तिसाव्या वर्षीचा. निमित्त पत्नीच्या आजारपणाचे होते. परंतु जिनिव्हातील संस्था, १९२७ मधील ब्रसेल्सची परिषद व मॉस्को पाहून नेहरू परतले ते नव्या विचारांची शिदोरी घेऊनच. मध्यम वयाचा आनंद तुलनेत असतो. केळी पिकविणारा शेतकरी इस्रायलमधील ठिबक सिंचन पाहतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर स्वतःची विहीर आणि तिची खोल जाणारी पातळी असते. दहा दिवसांत सात देश उरकणाऱ्याला हा आनंद कसा लाभावा? त्याच्या पदरी छायाचित्रे पडतात, आणि थकवा.

१९३५ चा तिसरा प्रवास सुखाचा नव्हताच. नेहरू गेले ते रुग्णशय्येवरील पत्नीसाठी. २८ फेब्रुवारी १९३६ रोजी लोझान येथे कमला नेहरूंचे निधन झाले. स्थळांसाठी नव्हे, माणसासाठी केलेला प्रवास तो हाच. उतारवयातील बहुतेक प्रवास याच जातीचे असतात, सुदैवाने पुष्कळदा मंगल निमित्ताने. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत जाणारी आई सामानात कळण्याचे पीठ बांधते, ते नायगारा पाहण्यासाठी नव्हे. नातवाने ‘आजी’ म्हणून मारलेली हाक हीच तिची यात्रा.

मात्र याच वयात परदेश अधिक बोचतो, हेही विसरता कामा नये. मुलगा-सून कामावर, दारापुढचा रस्ता निर्मनुष्य, आणि वाहनावाचून कोठेही जाणे अशक्य! गावच्या ओट्यावर ज्यांचा शब्द मानला जातो, त्यांना तेथे दुधासाठीही दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. प्रेक्षणीय स्थळांची यादी हा त्यावरचा उपाय नव्हे. पायी जाता येईल असे वाचनालय वा उद्यान, आठवड्यातून एकदा मराठी माणसांची गाठ, आणि घरात स्वतःचे म्हणता येईल असे एखादे काम, एवढे मिळाले तरी सहा महिने भारभूत होत नाहीत. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. ही मंडळे या वृद्ध पाहुण्यांचा विसावा होऊ शकतात.

‘निवृत्तीनंतर निवांत जाऊ’ या हिशेबात म्हणूनच एक चूक आहे. एका वयाचा आनंद दुसऱ्या वयासाठी राखून ठेवता येत नाही. तरुणाला गैरसोयीची मुभा द्यावी, प्रौढाने थोडे देश पाहावेत पण नीट पाहावेत, आणि वृद्धांना स्थळांपेक्षा माणसे दाखवावीत. प्रवास सफल झाला की नाही, हे अखेर परतल्यावर गावाला काय सांगता येते त्यावरूनच ठरते. १९३६ साली फैजपूरने हेच ऐकले होते.