आपत्ती एकट्या तत्त्वाची नसते

पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पंचमहाभूतांतून सृष्टी घडली, अशी आपली परंपरागत धारणा आहे. त्यावरून भूकंप पृथ्वीचा, पूर पाण्याचा, वणवा अग्नीचा आणि वादळ वायूचा कोप मानला जातो. प्रत्यक्षात ही तत्त्वे एकमेकांत गुंतलेली असतात.

मे २०२१ मध्ये गोव्याला झोडपणारे तौक्ते चक्रीवादळ वाऱ्याचे खरे. पण त्याला बळ दिले तापलेल्या अरबी समुद्राने. त्याच वर्षी जुलैत म्हादईच्या पुराने सत्तरीत घरे पाडली. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे भडकले. वणव्यात पालापाचोळा जळाला की माती उघडी पडते. पावसात ती ओहोळांतून नदीत उतरते, पात्र उथळ होते आणि पाणी लवकर काठ ओलांडते. आगीचा हिशेब असा पाण्यात चुकता होतो.

आकाश म्हणजे अवकाश. नदीकाठची सखल शेते हा पुराला पसरण्यासाठी निसर्गाने राखलेला अवकाश होय. तेथे भराव टाकला, की पाणी वस्तीत शिरते. डोंगरउतारावरील झाडोरा आणि काठावरची मोकळी जमीन राखणे, एवढा तोल तरी आपल्या हाती आहे.