शिक्का, मोर्तब आणि पोच

इंदापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. घरची द्राक्षबाग, धाकटा भाऊ बारामती एमआयडीसीत लेथ आणि दोन मिलिंग मशिनं टाकून बसलेला. धंदे दोन, तक्रार मात्र एकच. ‘आम्ही बिल छापतो, सही करतो, शिक्का मारतो, स्कॅन करून मेलवर पाठवतो. तरी समोरची कंपनी म्हणते, हे चालणार नाही, डिजिटल सही लागेल. शिक्का दिसत नाही का त्यांना?’

दिसतो हो. नुसता दिसतो, हीच अडचण आहे. स्कॅन केलेला शिक्का म्हणजे शिक्क्याचा फोटो. नववीतलं पोरगंही मोबाइलवर तो एका बिलावरून उचलून दुसऱ्या बिलावर डकवू शकतं. शिवाय त्या फोटोला शेजारच्या आकड्याशी काही देणंघेणं नसतं. ४८ हजारांचे ८४ हजार करा, शिक्का होता तसाच गोल आणि निळा. सध्याची फसवणूक तर याहून सोपी झाली आहे. कुणीतरी मेलबॉक्समध्ये शिरतो, खरं बिल उघडतो, रकमेला हातही लावत नाही. फक्त बँक खात्याचा नंबर बदलतो आणि बिल पुढे सरकवतो.

म्हणजे हवी आहे ती अशी सही, जी मजकुरातल्या प्रत्येक अक्षराला चिकटलेली असेल. ही गरज काही इंटरनेटने निर्माण केलेली नाही. बारामतीकरांना तर ती अडीच-तीनशे वर्षांपूर्वीच ठाऊक असणार. कऱ्हाकाठी ज्यांचा वाडा आहे ते बाबूजी नाईक बारामतीकर हे पेशवाईतले बडे सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक हे थोरल्या बाजीरावांचे मेहुणे, म्हणजे भिऊबाईंचे यजमान. तरीही बाजीरावांच्या पश्चात १७४० साली बाबूजी स्वतःच पेशवेपदावर हक्क सांगायला उभे राहिले. (कवी मोरोपंतांना बारामतीत आश्रय दिला तोही याच नाईकांनी. सावकार आणि आर्या, अशी गाठ मराठी मुलखातच पडायची.) अशा घराण्यांच्या व्यवहारात पैसा थैल्यांतून कमी आणि कागदावरून जास्त फिरायचा.

त्या काळची हुंडी पाहा. रक्कम आकड्यात, मग अक्षरात, आणि एवढ्यावर न थांबता तिची निमपट लिहून ‘याची दुप्पट’ असाही हिशेब. हजाराची हुंडी असेल तर पाचशेची दुप्पट. कुणी हजारावर एक शून्य चढवलं तर निमपट जुळेना, चोरी तिथेच उघडी. आज संगणकवाले ज्याला चेकसम म्हणतात तो हाच. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत म्हणजे पेठ, तीही हरवली तर परपेठ. एकाच हुंडीचे पैसे दोनदा जाऊ नयेत याचीही सोय त्यात होती.

आणि आपण रोज वापरतो तो शब्द, शिक्कामोर्तब. शिक्का पत्राच्या माथ्यावर. मोर्तब मजकूर संपल्यावर, शेवटच्या अक्षराला लागून. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीला उमटणाऱ्या मुद्रेचा अर्थही ‘इथे मर्यादा आहे’ असाच आहे. पत्र कुणी धाडलं ते शिक्का सांगतो, आणि कुठे संपलं ते मोर्तब. मधे कुणी ओळ घुसडायची म्हटली तर जागाच उरत नाही. पत्र लांबलं की कागदाला कागद चिकटवत, आणि त्या जोडांवर पाठीमागून शिक्के उमटवत. अर्धा शिक्का या कागदावर, अर्धा त्या. मधला बंद बदलला की शिक्का फाटलाच.

हे जोडावरचे शिक्के लक्षात ठेवा, मला त्यांच्याकडे परत यायचं आहे.

भावाकडे ई-इनव्हॉइस असेल तर त्यावर आयआरएन नावाची ६४ चिन्हांची एक ओळ छापलेली असते. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ही पद्धत १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीची आहे. त्याची उलाढाल तेवढी नसली तरी तो ज्यांच्याकडून स्टील घेतो त्यांच्या बिलावर ती सापडेल. ही ओळ म्हणजे हॅश. कितीही लांबीचा मजकूर एका ठरीव गणितातून दळून काढायचा, पीठ मात्र नेहमी ६४ चिन्हांचंच पडायचं. मजकुरात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी पीठ ओळखू येणार नाही इतकं बदलतं. आणि पिठावरून गहू परत करता येत नाही.

डिजिटल सही म्हणजे या पिठावर केलेली सही. प्रत्येकाकडे दोन किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्लीने फक्त मालकाने सही करायची, जाहीर किल्लीने कुणीही ती तपासायची. आपल्या संसदेने माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या तिसऱ्या कलमात चक्क हॅश फंक्शनचं नाव घालून या सहीला मान्यता दिली. कायद्याच्या पुस्तकात गणिताला असा मान क्वचित मिळतो.

पण थांबा, इथे एक गाळलेली जागा आहे आणि ती भल्याभल्या हिशेबनिसांच्या लक्षात येत नाही. आयआरएन बनतो तो चार गोष्टींपासून: विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक. यात रक्कम नाही! म्हणजे बिलावरचा आकडा बदलला तरी आयआरएन तोच राहतो. रकमेची राखण करतो तो शेजारचा क्यूआर कोड. त्यात बिलाची एकूण किंमत, घेणारा, तारीख, मुख्य मालाचा एचएसएन कोड आणि आयआरएन या सगळ्यावर मिळून सरकारी पोर्टलची डिजिटल सही असते. साध्या कॅमेऱ्याने तो स्कॅन केला तर अगम्य अक्षरांचा ढीग दिसतो. लोक मान डोलावतात, ‘क्यूआर आहे म्हणजे खरं आहे’ म्हणतात आणि गाडी खाली करतात. तो ढीग जाहीर किल्लीने तपासणारं अधिकृत अ‍ॅप वापरलं तरच सही पाहिली असं म्हणायचं. नाहीतर तोही शिक्क्याचा फोटोच.

आता माझ्या लाडक्या माणसाबद्दल. या विषयावरच्या लेखांत डिफी आणि हेलमन (१९७६), मग आरएसए (१९७७) ही नावं येतात आणि पाठ थोपटून लेख संपतो. जाणकार असतील ते ब्रिटिश गुप्तचर खात्यातल्या एलिस, कॉक्स आणि विल्यमसन यांचंही नाव घेतात. जाहीर किल्लीचे हे शोध त्यांनी आधीच लावले होते, पण १९९७ पर्यंत ते गुपित राहिलं. आणि राल्फ मर्कल? तो बहुतेक वेळा कंसात.

१९७४ चा शरद ऋतू, बर्कलीचं विद्यापीठ. पदवीचा एक विद्यार्थी संगणक सुरक्षेच्या वर्गासाठी प्रकल्पाची टिपणी देतो. प्रश्न असा: दोन माणसं पूर्वी कधी भेटलेली नाहीत, मधल्या तारेवर सगळं जग कान लावून बसलं आहे, तर उघड बोलून त्यांना गुपित ठरवता येईल का? हजारो वर्षांचा समज होता की नाही, आधी किल्ली हातोहात पोचवावी लागते. मर्कलचं उत्तर असं होतं. मी एक लाख कोडी चव्हाट्यावर मांडतो. प्रत्येक कोडं सोडवायला एक तास लागतो, आत एक क्रमांक आणि एक गुप्त शब्द. तुम्ही कुठलंही एक उचला, तासभर डोकं लावा आणि आतला क्रमांक मला ओरडून सांगा. कुठल्या क्रमांकाला कुठला शब्द याची वही माझ्यापाशी आहे, त्यामुळे शब्द दोघांनाही कळला. चोरट्याला फक्त क्रमांक ऐकू आला. तो कुठल्या कोड्यात आहे हे शोधायला त्याने सरासरी पन्नास हजार कोडी फोडायची. रात्रंदिवस बसला तरी साडेपाच वर्षांच्या वर. तोवर द्राक्षांचे बेदाणे होतील.

प्राध्यापकांना ते पटलं नाही. मर्कलने तो विषयच सोडला, पण कल्पना सोडली नाही. त्याचा लेख पहिल्यांदा परत आला आणि छापून यायला १९७८ उजाडलं. तोवर डिफी-हेलमन जगप्रसिद्ध झाले होते. डिफी-हेलमन पद्धतीच्या पेटंटवर मर्कलसह तिघांची नावं आहेत. हेलमन यांनी स्वतः २००२ मध्ये लिहिलं की या पद्धतीला नाव द्यायचंच तर मर्कलचंही त्यात हवं. तरी पुस्तकं ऐकत नाहीत.

आता जोडावरच्या शिक्क्यांकडे. आयआरएन ज्या गणितातून निघतो त्या एसएचए-२५६ चा सांगाडा मर्कल आणि डॅमगार्ड या दोघांच्या नावाने ओळखला जातो. मजकुराचे ठरावीक लांबीचे तुकडे करायचे, पहिल्या तुकड्याचं पीठ दुसऱ्यात कालवायचं, त्याचं तिसऱ्यात, असं शेवटपर्यंत. आणि अखेरीला मजकुराची एकूण लांबी लिहून तोंड बंद करायचं. म्हणजे जोडाजोडावर शिक्का आणि शेवटी मोर्तब. मर्कलने मोडी कागद पाहिले असण्याची काही शक्यता नाही. पण अडचण एकच असली की शहाणी माणसं एकाच जागी येऊन पोचतात, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

मोठ्या कंपन्या ज्या वाटेने आपसात ऑर्डरी, चलनं आणि बिलं धाडतात तिची सुरुवात मात्र गणितातून नाही, कोळशाच्या पोत्यांतून झाली. १९४८-४९ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा विमानांनी शहराला कोळशासकट सगळी रसद पोचवली. नाना देशांचे, नाना नमुन्यांचे मालाचे कागद पाहून वैतागलेल्या एड गिल्बर्ट नावाच्या अमेरिकी सार्जंटने टेलेक्सवरून, अगदी फोनवरूनही सांगता येईल असा एकच साचा बसवला. संगणकांमधली कागदांची देवाणघेवाण पुढे त्याच माणसाच्या हाताखाली वाढली. बरीच वर्षं हे कागद खासगी जाळ्यांवरून जायचे आणि अक्षरांच्या हिशेबाने पैसे पडायचे, जुन्या तारेसारखे. २००२ मध्ये वॉलमार्टने पुरवठादारांना सांगितलं की आता साध्या इंटरनेटवरूनच पाठवा, पण एएस-२ नावाच्या पद्धतीने.

त्यात पाठवणारा आपल्या खासगी किल्लीने सही करतो, मग घेणाऱ्याच्या जाहीर किल्लीने सगळं कुलूपबंद करतो. इथवर नवल नाही. मला आवडते ती पोच. माल मिळाल्यावर घेणाऱ्याचा संगणक उलट पावती धाडतो आणि त्या पावतीत, आपल्याला मिळालेल्या मजकुराचं पीठ स्वतः दळून, त्यावर सही करून घालतो. पाठवणारा ते आपल्याकडच्या पिठाशी ताडून पाहतो. जुळलं की विषय संपला. ‘बिल मिळालंच नाही’, ‘आमच्याकडे वेगळाच दर आला होता’ या दोन्ही वाक्यांची सोय राहत नाही. बिलं थकलेल्या कुठल्याही छोट्या पुरवठादाराला विचारा, कुलूप मोलाचं की पोच मोलाची.

आता बागेकडे. २००३ मध्ये आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश जास्त सापडल्यावरून युरोपात ओरड झाली. त्यानंतर २००६ मध्ये अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने, ग्रेपनेट उभं केलं. नोंदणी झालेली बाग, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, अ‍ॅगमार्क आणि रोगमुक्ततेचा दाखला हे सगळं एका साखळीत. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा त्यात शिरोभागी. पेटीवरच्या क्रमांकावरून रॉटरडॅममध्ये बसून इंदापूरची बाग गाठता येते. अभिमान वाटावा असंच काम आहे.

आणि तरी २०१० मध्ये कंटेनर अडकले. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या बोलीतलं सीसीसी. कागद सगळे खरे होते, साखळी शाबूत होती. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतंच. म्हणून ‘ब्लॉकचेनवरची द्राक्षं’ असं चकचकीत पत्रक कुणी हातात ठेवलं की मी सावध होतो. (ब्लॉकचेनही हॅशच्या साखळीवरच उभी आहे. बिटकॉइनच्या २००८ च्या मूळ लेखात संदर्भ म्हणून मर्कलचं नाव आहे, ते मात्र पत्रकात नसतं.) दाखला कुणी लिहिला आणि नंतर कुणी खाडाखोड केली का, एवढंच गणित सांगतं. फवारणीच्या वहीत लिहिलेलं पंपात होतं का, हे त्याला विचारू नये.

तर पत्रलेखक बंधूंनो, कंपनीचं म्हणणं बरोबर आहे. डिजिटल सही घ्या. बँक खातं बदलल्याचा मेल आला तर त्या मेलमधल्या नंबरवर नको, वहीत पूर्वीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. आणि एक शेवटचं. तुमची खासगी किल्ली ज्या यूएसबी टोकनमध्ये असते ते आत्ता कुठे आहे? आपल्याकडे बहुतेक वेळा ते करसल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये असतं, आणखी वीस जणांच्या टोकनांबरोबर, पिनची चिठ्ठी रबराने गुंडाळून. कितीही विश्वासाचा माणूस असो, उद्या सकाळी जाऊन ते घेऊन या आणि पिन बदला.