दूरशिक्षण : पाठांतराकडून आकलनाकडे

'दूरशिक्षण' हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. नोकरी करणारा किंवा शेती सांभाळणारा कोणी गृहस्थ, पोस्टाने आलेला पुस्तकांचा न सोडलेला गठ्ठा, आणि परीक्षेच्या आठ दिवस आधी बाजारातून आणलेले गाईड. ज्याला नियमित कॉलेजात येणे जमले नाही त्याने शोधलेली ही पळवाट, असाही समज सर्रास आढळतो. हा समज कितपत खरा आहे आणि दूरशिक्षणाची मूळ पद्धत नेमकी कशी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ती पद्धत नीट पाहिली तर असे दिसते की, पाठ करण्यापेक्षा समजून घेण्यावर भर देण्याची सोय तिच्यात मुळापासूनच केलेली आहे. मग विद्यार्थी घरी बसून शिकणारा असो वा रोज कॉलेजात येणारा असो, त्याला तिच्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्या सीमाभागात तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील कित्येक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकतात. पुढे पी. यू. सी. आणि बी. कॉम.ला येताच पुस्तक इंग्रजी, व्याख्यान कन्नड-इंग्रजी आणि मनातला विचार मराठी, अशी तिहेरी कसरत सुरू होते. प्रस्तुत लेखकही त्याच वाटेने आलेला आहे. अशा वेळी स्मरणशक्ती मदतीला धावून येते. भाषा अर्धी कळते म्हणून उत्तर पाठ करावे लागते, आणि उत्तर पाठ असते म्हणून विषय कळलेला नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. गुण मिळतात, पण पुढे बँकेच्या किंवा सहकारी सोसायटीच्या कचेरीत खरी वही समोर आली की हात अडतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाठांतर हे सर्वस्वी वाईट आहे, असे म्हणण्याचा हेतू नाही. पाढे पाठ नसतील तर हिशेब होणार नाही, आणि शब्दच ठाऊक नसतील तर कोणतीही भाषा येणार नाही. दोष आहे तो अर्थाला बाजूला सारून केलेल्या घोकंपट्टीचा. मराठीत आपण 'तोंडपाठ' म्हणतो, कन्नडमध्ये 'बायिपाठ' म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, जे तोंडात आहे ते! पण समजले का, असे विचारावयाचे झाल्यास कन्नड मनुष्य 'अर्थ आयिता?' असे विचारतो, म्हणजे अर्थ झाला का? तोंडात असणे आणि अर्थ होणे यांतील अंतर आपल्या बोलीलाही ठाऊक आहे.

आता दूरशिक्षणाच्या इतिहासाकडे वळू. इ. स. १८४० मध्ये इंग्लंडात आयझॅक पिटमन यांनी पोस्टाद्वारे लघुलेखनाचे धडे देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी तेथे एका पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाली होती. पिटमन केवळ धडे पाठवून थांबत नसत. विद्यार्थी सराव करून पाठवीत आणि ते तो तपासून, चुका सुधारून परत करीत. ही परतीची टपाल म्हणजेच दूरशिक्षणाचा प्राण होय. धडा जाणे हे अर्धे काम, आणि विद्यार्थ्याचे उत्तर येऊन त्यावर शिक्षकाचा शेरा परत जाणे हे उरलेले अर्धे.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. म्हैसूर विद्यापीठाने १९६९ साली तोच मार्ग धरला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ पासून तेथे विद्यार्थी शिकू लागले. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये आपल्या शेजारच्या हैदराबादेत स्थापन झाले. ते आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले होते, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद आहे. म्हैसूरच्या पत्रद्वारा संस्थेतून १९९६ साली कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ उभे राहिले. त्याचे एक प्रादेशिक केंद्र कलबुर्गीत आहे.

या इतिहासात आपल्या जिल्ह्याचेही एक पान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे दूरदर्शन शिक्षणाचा एक मोठा प्रयोग भारतात झाला. 'साइट' या नावाने तो प्रसिद्ध आहे. अमेरिकेचा उपग्रह, आपल्या शास्त्रज्ञांनी उभारलेली यंत्रणा आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी अशी त्याची व्याप्ती होती. कर्नाटकातून त्यासाठी गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे निवडले होते. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि सायंकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन अशा विषयांवर कार्यक्रम होत. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही याच मार्गाने देण्यात आले. कार्यक्रमांच्या भाषा हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया या चार होत्या.

हा प्रयोग थोर होता यात शंका नाही. मात्र त्याची एक मर्यादा उघड आहे. पडद्यावरचा शिक्षक बोलत होता, पण त्याला प्रश्न विचारता येत नव्हता. पिटमनची परतीची टपाल येथे नव्हती. आज मोबाईलवर व्याख्यान ऐकताना आपलीही स्थिती तीच होते. २०१७ पासून केंद्र सरकारच्या 'स्वयम्' मंचावर नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात. परंतु व्याख्यान ऐकून मान डोलावणे आणि स्वाध्याय सोडवणे यांत फरक आहे. त्या मंचावर स्वाध्याय ठेवलेले असतात ते याच कारणाने.

दूरशिक्षणाचे पुस्तक साध्या पाठ्यपुस्तकाहून वेगळे का असते, हे आता पाहू. स्वीडनचे शिक्षणतज्ज्ञ बोर्ये होल्मबर्ग यांनी असे मांडले की, दूरच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेला धडा हा शिक्षकाने त्याच्याशी केलेला संवाद वाटला पाहिजे. म्हणून अशा पुस्तकात धडे लहान घटकांत तोडलेले असतात. प्रत्येक घटकाच्या आरंभी 'हा घटक अभ्यासल्यावर तुम्हाला काय करता येईल' ते सांगितलेले असते. मध्येच थांबवून प्रश्न विचारलेला असतो, उत्तर लिहावयास कोरी जागा सोडलेली असते आणि उत्तरे घटकाच्या शेवटी दिलेली असतात. वर्गात शिक्षक विद्यार्थ्याचा चेहरा पाहून ओळखतो की याला कळले नाही. पुस्तकाला डोळे नसतात. म्हणून ते प्रश्न विचारून तीच गोष्ट विद्यार्थ्याकडून वदवून घेते.

आपल्या विषयातले एक उदाहरण घेऊ. मी बँकेत १,००० रुपये भरले. माझ्या वहीत बँकेचे खाते नावे, म्हणजे डेबिट होते. पण पासबुकात तीच रक्कम जमा, म्हणजे क्रेडिट दिसते. 'येईल ते नावे, जाईल ते जमा' हा नियम पाठ असलेला विद्यार्थी येथे गोंधळतो. एकच रक्कम एकीकडे नावे आणि दुसरीकडे जमा कशी? कळीची गोष्ट एवढीच की वह्या दोन आहेत. माझ्या दृष्टीने बँक ऋणको आहे, कारण ती माझे १,००० रुपये देणे लागते. बँकेच्या दृष्टीने मी धनको आहे. व्यवहार एक, पण पाहणारे दोन.

एवढे उमगले की बँक ताळमेळ पत्रकाची भीती उरत नाही. समजा मी २०० रुपयांचा धनादेश एका व्यापाऱ्याला दिला आणि त्याने तो अद्याप बँकेत भरलेला नाही. माझ्या वहीत ८०० रुपये शिल्लक आहेत, पासबुकात १,०००. माझ्या वहीतून पासबुकाकडे जावयाचे तर २०० मिळवावे लागतील, आणि पासबुकातून वहीकडे यावयाचे तर तेच २०० वजा करावे लागतील. ज्याने 'न वटलेला धनादेश मिळवा' एवढेच पाठ केले, त्याच्या पुढ्यात उलट बाजूने प्रश्न आला की सारे उत्तर उलटे पडते. ज्याने कारण धरले, त्याला कोणतीही बाजू चालते. दूरशिक्षणाचा चांगला धडा नियम सांगण्यापूर्वी नेमका हाच प्रश्न विचारतो : पासबुकात जमा का लिहिले असेल, दोन ओळींत लिहा.

अशा मधल्या प्रश्नांचा खरोखर उपयोग होतो काय? अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचून, मग पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत दोनदा वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४२ टक्केच आठवले, आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीवर आपला एवढा विश्वास का बसतो आणि ती निकालानंतर कोठे जाते, याचा उलगडा येथे होतो. अर्थात आठवणे म्हणजेच समजणे नव्हे. पण पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहावयास बसले की आपल्याला काय कळलेले नाही ते ताबडतोब कळते, आणि समजुतीची सुरुवात तेथूनच होते.

यानंतरची पायरी स्वाध्यायाची. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पुष्कळ अभ्यासक्रमांत ३० टक्के गुण स्वाध्यायाला आणि ७० टक्के अंतिम परीक्षेला असतात. यामागची कल्पना अशी की विद्यार्थ्याने घटक वाचून आपल्या भोवतालाशी जोडावा. उदाहरणार्थ, प्रेषण खाते म्हणजे परगावी विक्रीसाठी पाठविलेल्या मालाचा हिशेब शिकताना आपल्याच बाजारातील अडतीची पट्टी हातात घ्यावी. शेतकऱ्याने तूर अडत्याकडे टाकली तरी विकली जाईपर्यंत ती शेतकऱ्याचीच असते. विक्रीच्या रकमेतून अडत, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी हाती येते. पुस्तकातील प्रेषक म्हणजे आपला शेतकरी आणि प्रतिनिधी म्हणजे आपला अडत्या, हे एकदा जुळले की न विकलेला माल कोणाच्या ताळेबंदात दाखवावा, हे पाठ करण्याची गरजच राहत नाही.

मग हे सारे असूनही दूरशिक्षणाचे नाव खाली का गेले? कारण आपण तिच्यातील नेमका प्राण काढून टाकला. तयार स्वाध्याय विकत घेऊन उतरविले जातात, संपर्क वर्ग ओस पडतात, आणि तपासलेल्या स्वाध्यायावर शेऱ्याऐवजी पुष्कळदा नुसता गुण असतो. पद्धत चांगली असली तरी परतीची टपाल थांबली की ती साध्या गाईडाच्या पातळीवर येते.

भाषेची अडचणही विसरता येत नाही. नाशिकच्या विद्यापीठाची पुस्तके मराठीत आहेत, परंतु राज्य मुक्त विद्यापीठांचे कार्यक्षेत्र आपापल्या राज्यापुरते असते. सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला म्हणूनच कन्नड किंवा इंग्रजीतून शिकणे भाग आहे. यावर रडत बसण्यापेक्षा आपल्याला दोन भाषा येतात हे भांडवल समजावे. जी गोष्ट मराठीतही सांगता येते आणि कन्नडमध्येही, ती समजली असे खुशाल मानावे. एकाच भाषेतील ठरावीक वाक्यांत सांगता येते, ती बहुधा पाठ आहे.

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी दूरशिक्षणात नाव घालण्याची गरज नाही. धडा वाचून पुस्तक मिटावे आणि दहा ओळी लिहाव्यात. 'का' या शब्दाने सुरू होणारे तीन प्रश्न स्वतःला घालावेत. कन्नड माध्यमातील मित्राने आपल्याला एक घटक समजावून द्यावा, आपण त्याला दुसरा. आणि प्राध्यापकवर्गाला नम्र विनंती एवढीच की, चाचणीच्या उत्तरपत्रिकेवर गुणांबरोबर एक ओळीचा शेराही असावा. परतीची ती एक ओळ पोस्टाने यावी लागत नाही, वर्गातल्या वर्गात मिळू शकते. आणि विद्यार्थ्याला पाठांतरातून बाहेर काढण्याचे बळ तिच्यात आहे.