पडदा बसवला, तरी छिद्र पुन्हा का पडते?

कानाच्या पडद्याचे ऑपरेशन झालेला रुग्ण काही महिन्यांनी ‘डॉक्टर, कान पुन्हा वाहतोय’ म्हणत येतो, तेव्हा त्याचा पहिला संशय सर्जनवर असतो. कधी तो खराही ठरतो. पण नाकाकडे मात्र कोणी पाहिलेले नसते.

या शस्त्रक्रियेला टिम्पॅनोप्लास्टी म्हणतात. कानाच्या वरच्या स्नायूवरील पातळ आवरण काढून ते छिद्राखाली ठेवतात. हे ठिगळ टाके घालून शिवलेले नसते. विरघळणाऱ्या स्पंजच्या आधारावर ते नुसते टेकलेले असते. त्याला स्वतःचा रक्तपुरवठाही नसतो. उरलेल्या पडद्याच्या कडांतून नव्या रक्तवाहिन्या येईपर्यंतचे पहिले काही आठवडे म्हणूनच नाजूक असतात. या काळात जंतुसंसर्ग झाला, कानात पाणी गेले किंवा जोरात नाक शिंकरले, तर ठिगळ सरकते किंवा कुजते. छिद्र मोठे असेल किंवा पडद्याच्या पुढच्या बाजूला असेल, तर ते बसवणे मुळातच अवघड. तिथे नीट दिसत नाही आणि रक्तपुरवठाही कमी असतो.

आता नाक. घशाच्या वरच्या भागातून मधल्या कानात हवा नेणारी युस्टेशियन नलिका ॲलर्जी, जुनी सर्दी किंवा मुलांमधील वाढलेल्या ॲडिनॉइडमुळे नीट उघडत नाही. मग आतला दाब कमी होतो आणि नवा पडदा आत ओढला जातो. चांगला जुळलेला पडदाही अशाने पुढे फाटू शकतो. धूम्रपानाने ही नलिका बिघडते आणि जखमही उशिरा भरते. ‘दिवसाला दोनच’ ओढणाऱ्यांनाही हे लागू आहे.

कानात कोलेस्टिॲटोमा, म्हणजे हाड पोखरणारी त्वचेची गाठ, राहून गेली असेल तर नुसता पडदा बसवून कान वाहणे थांबत नाही.

ऑपरेशननंतर शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंका. सर्जन सांगेपर्यंत डोक्यावरून अंघोळ, पोहणे, विमानप्रवास टाळा. कोमट तेल तर कानात कधीच घालू नका, आजीने सांगितले तरी!

पुन्हा छिद्र पडल्यास दुसऱ्यांदा ऑपरेशन करता येते. तेव्हा अनेकदा कानाच्याच कूर्चेचा पातळ तुकडा वापरतात. तो ताठ असल्याने आत ओढला जाण्याला जास्त दाद देत नाही. आणि पडदा जुळूनही ऐकू कमीच येत असेल, तर आतल्या तीन हाडांची साखळी तुटली आहे का, हे सर्जनना जरूर विचारा.